तंजावरपर्यंत चकचकीत

माझ्या सासऱ्यांकडे गाडी आहे आणि ती चालते, हे मला लोकांना मुद्दाम सांगावं लागतं. आमच्या मैलापूरच्या गल्लीत ती सगळ्यांनी पाहिली आहे, पण ओली. कुणी साबणाच्या फेसात पाहिली आहे, कुणी जुन्या धोतराखाली झाकलेली, कुणी चारही दारं उघडून वाळत घातलेली. रस्त्यावरून जाताना पाहिलेली माणसं फार थोडी, आणि त्यांनीही ती देवळाच्या तळ्याला एक फेरी मारून घरी येताना पाहिली. घरी आली की पुन्हा आंघोळ.

मी ऋजुता, मूळची इचलकरंजीची. श्रीपेरुंबुदूरच्या बाजूला मोटारींचा एक कारखाना आहे, तिथे रंगविभागात नोकरी करते. रंगवून आलेली बॉडी पांढऱ्या ट्यूबलाइटांखाली उभी करायची आणि तिच्यावरचा कण, डाग, ओरखडा शोधायचा, हे माझं काम. दिवसभर ते करून डोळे चुरचुरत घरी यावं, तर फाटकातच सासरे हातात फडकं घेऊन उभे.

"ऋजुता, इकडे ये मा. हें बघ. येथें कांहीं दिसतें?"

दिसतं. मला सगळं दिसतं, तेच तर माझं दुखणं आहे.

माझं सासर तंजावरच्या मराठ्यांचं. कैक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेली ही माणसं घरात अजून मराठी बोलतात, पण ती ऐकताना मला शाळेतला बखरीचा धडा आठवतो, आणि मध्येच तमिळ. सासऱ्यांचं नाव सेतुमाधव राव. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, सासूबाईंना अम्मा. अम्मांचं नाव विजयालक्ष्मी. माझा नवरा शेषाद्री अंबत्तूरला एका आयटी कंपनीत आहे. वडिलांसमोर त्याचं तोंड उघडतं ते फक्त जेवायला.

अप्पा एका विमा कचेरीत हेडक्लार्क होते. जन्मभर बसने गेले, बसने आले. वेष्टी, म्हणजे इकडचं पांढरं धोतर, नेहमी कांजी केलेलं, घडी अशी की बोट कापावं. कॉफीला एक मिनिट उशीर झाला तर बोलायचे नाहीत, नुसते घड्याळाकडे बघायचे. रिटायर झाल्यावर हा माणूस ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेला आणि कॉलेजच्या मुलांबरोबर बसून गाडी शिकला. खोटं कशाला बोलू, चांगली चालवतात. माझ्याहून चांगली. शेषाद्रीपेक्षा तर कितीतरी. मग रिटायरमेंटच्या पैशातून गाडी घेतली. मी म्हटलं, अप्पा, चंदेरी घ्या नाहीतर पांढरी, धूळ दिसत नाही, ऊन कमी खाते. मी या धंद्यातली, म्हणून मला विचारलं होतं. ऐकून घेतलं आणि काळी आणली. कुळकुळीत काळी. चेन्नईच्या उन्हात, चेन्नईच्या धुळीत, फाटकातल्या करंजाच्या झाडाखाली, ज्याच्यावर गल्लीतले यच्चयावत कावळे राहतात.

गाडी घेतली ती अम्मांसाठी. अम्मांची थोरली बहीण अलमेलूमावशी तंजावरला असते. मावशीला काचबिंदू झाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही. मावशीचा दर शुक्रवारी दुपारी फोन यायचा आणि फोन ठेवताना ती एकच वाक्य म्हणायची, "विजी, डोळे आहेत तोंवर एकदां येऊन तोंड दाखव." अम्मांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. अप्पांनी फोन अम्मांच्या हातातून घेतला आणि सांगितलं, "अक्का, मी विजीला गाडींत घालून आणतों. माझ्या गाडींत." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. तेव्हा चैत्र होता, तमिळ नववर्ष नुकतंच झालं होतं, आणि मावशीला तेव्हा पेपरातले मथळे वाचता येत होते.

मग धुणं सुरू झालं.

चेन्नईत गाडी धुवायची म्हणजे आधी पाणी कुठलं, इथून सुरुवात. मेट्रो वॉटर, म्हणजे सरकारी नळाचं पाणी, प्यायला आणि स्वयंपाकाला; ते गाडीवर ओतलं तर बिल्डिंगमधली माणसं अंगावर धावून येतील, आणि बरोबरच आहे त्यांचं. उरलं बोअरचं. ते इतकं खारट की गाडी उन्हात वाळली की अंगभर पांढरे ठिपके. पांढऱ्या गाडीवर कुणाच्या नजरेस पडले नसते. अप्पा रोज सकाळी ते ठिपके जुन्या वेष्टीच्या तुकड्याने घासायचे. कोरड्या. धुळीसकट. मी वरून बाल्कनीतून बघत असायची आणि माझ्या दातांखाली ती धूळ करकरायची.

"अप्पा, कोरडं पुसू नका. धूळ म्हणजे वाळू. तुम्ही रंगावर वाळू घासताय."

"कपडा मऊ आहे मा. माझी लग्नांतली वेष्टी."

आता लग्नातल्या वेष्टीपुढे काय बोलणार?

मी त्यांना रीतसर शिकवलं. बादल्या दोन घ्या, एकीत साबणाचं पाणी, एकीत साधं. वरून खाली या. फडकं आधी साध्या पाण्यात खळबळा, मग साबणात घाला. सावलीत धुवा. लगेच टिपून घ्या, घासू नका. अप्पांनी सगळं मान हलवत ऐकलं, हेडक्लार्क साहेबाचं ऐकतो तसं, आणि दुसऱ्या दिवशी दोन बादल्या आणल्या. दोन्हींत साबण.

एअर कंडिशनरच्या नळीतून जे पाणी ठिबकतं त्यात क्षार नसतात, हेही मी एकदा जेवताना बोलून गेले. झालं. बिल्डिंगच्या मागच्या भिंतीला जेवढ्या नळ्या, तेवढ्या बादल्या. अम्मांची सड्याची बादली गेली, आंघोळीची गेली, पोंगलला काढायचं मोठं पातेलंसुद्धा गेलं. तिसऱ्या मजल्यावर कनकामामी एकट्याच राहतात, त्यांना एसी सोसत नाही. अप्पा त्यांना जिन्यात गाठून सांगायचे, "मामी, किती उकडतें! दुपारीं थोडा एसी लावा. देहाला बरें." मामी बिचाऱ्या शाल पांघरून एसी लावून बसायच्या.

पाणी मिळालं, तर साबणाचा प्रश्न. दुकानातला कार शॅम्पू आणला, पण अप्पांचा बाटलीतल्या फेसावर विश्वास नाही. शिकेकाई आणली. "केसांना चालते, मग रंगाला कां नाहीं?" शिकेकाईची पूड कितीही वस्त्रगाळ करा, तिच्यात कण राहतातच. बॉनेटवर जाळं उठलं, बारीक गोल गोल ओरखड्यांचं. ते घालवायला पॉलिश. पॉलिशने वरचा पारदर्शक थर पातळ होतो, हे मी सांगून सांगून थकले. चंदेरी पट्ट्यांना विभूती, कारण अम्मा चांदीच्या समया विभूतीने घासतात. डांबराच्या थेंबांना रॉकेल. टायरांना खोबरेल, ज्याच्यावर गल्लीतली सगळी माती येऊन चिकटायची. नंतर अप्पा ऑनलाइन मागवायला शिकले, तेव्हा तर विचारू नका. रंगात रुतलेले कण काढायची चिकणमातीची निळी वडी आली. ती ओल्या, साबण लावलेल्या पत्र्यावरून अलगद फिरवायची असते. अप्पांनी ती कोरड्या दारावर खोडरबरासारखी चालवली. स्वयंपाकघरातली सांबार मसाल्याची फळी रिकामी झाली आणि तिथे बाटल्या लागल्या, लेबलं पुढे करून, उंचीच्या क्रमाने.

आणि दर वेळी तंजावरला जायचा दिवस ठरला की या बाटल्यांपैकी एक आडवी यायची. मे महिन्यात ठरलं, तर नवं मेण लावलेलं, ते 'मुरायला' हवं. मेण लोणचं आहे का? पावसाळ्याच्या आधी ठरलं, तर ठिपके. आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, तर अप्पांनी स्वतःच गाडीला चंदन-कुंकवाचे टिळे लावले, चाकांखाली लिंबं ठेवून चिरडली, आणि पूजेचं कुंकू पुसू नये म्हणून तसंच ठेवलं. ऑक्टोबरच्या उन्हात ते रंगात उतरलं. मग ते डाग जाईपर्यंत मुक्काम मैलापूर. नोव्हेंबर-डिसेंबरात पाऊस आणि चिखल, तेव्हा गाडी बाहेर काढायची गोष्टच काढायची नाही.

"अप्पा, मी नेते अम्मांना," मी एकदा म्हटलं. "पहाटे निघते. दुपारपर्यंत पोचवते."

"आणि गाडी मळली कीं?"

"मळेल! गाड्या मळतात!"

"म्हणूनच सांगतों. थांब थोडें."

शेवटी मीच रागारागाने अम्मांची रेल्वेची तिकिटं काढली, खालचा बर्थ, सोबत मी. अम्मांनी ती रद्द करायला लावली. तेव्हा मी स्वयंपाकघरात पातेली आपटली, हे कबूल. अम्मा शांतपणे शेवग्याच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुज ठाऊक नाहीं, ऋजुता. अक्काचे यजमान तुकोजीराव. त्यांची गाडी होती. काळी. दारांत उभी असे, तोंड दिसावें अशी. आम्हीं बसस्टँडवरनं चालत जात असूं, हातांत पिशव्या. हे त्या गाडीजवळनं जातांना पिशवी या हातांतनं त्या हातांत घेत. कोण्ही कांहीं बोललें नाहीं कधीं. तुकोजीराव तर देवमाणूस. पण ह्यांच्या मनांत तें राहिलें. आतां मी रेल्वेनें गेलें तर ह्यांना काय वाटेल?"

"तुकोजीराव जाऊन किती वर्षं झाली, अम्मा?"

"पुष्कळ."

"आणि मावशीचे डोळे?"

अम्मा शेंगा मोडत राहिल्या. मला त्या दोघांचा सारखाच राग आला. एकाला मेलेल्या माणसाच्या दारात चकचकीत गाडी उभी करायची आहे, आणि दुसरीला नवऱ्याचं मन मोडायचं नाही. आणि तिकडे एका बाईची नजर चाललीय, तिने कुणाच्या मनाचा विचार करायचा? पण एक गोष्ट त्या दिवशी मला कळली. अप्पांना गाडी चेन्नईत स्वच्छ नको होती. तंजावरला पोचताना स्वच्छ हवी होती. साडेतीनशे किलोमीटर चालवून, मावशीच्या दारात, शोरूममधून काढल्यासारखी. अशी वस्तू जगात नाही, हे मी त्यांना आमच्या रंगविभागाच्या वतीने लिहून द्यायला तयार होते. ते मात्र ती शोधत होते.

आणि पोंगलला त्यांना ती सापडली.

पोंगलच्या दुसऱ्या दिवशी निघायचं ठरलं होतं. अम्मांनी मुरुक्कू, म्हणजे इकडच्या चकल्या, तळून डब्यात भरले, मावशीसाठी सुंगुडी साडी घेतली, बॅग दाराशी आणून ठेवली. या वेळी मोडणार नाही असं मलासुद्धा वाटलं. पोंगलच्या दिवशी माझी ड्यूटी होती. संध्याकाळी घरी आले तर फाटकात गाडी पांढुरकी दिसली. आधी वाटलं कावळे. जवळ गेले. कावळे नव्हते. सगळ्या गाडीवर, टपापासून चाकांच्या वरपर्यंत, काहीतरी धुरकट वाळलं होतं, आणि त्याला बारीक भेगा पडल्या होत्या.

"अप्पा, हे काय आहे?"

"कांजी," अप्पा म्हणाले. इतके खूश मी त्यांना माझ्या लग्नातही पाहिले नव्हते. "वेष्टीला कांजी कां करतात? मळ कांजीवर बसतो, कापडावर नाहीं. धुतली कीं कांजीबरोबर मळ जातो. तो व्हिडिओतला मनुष्य सांगत होता, मेणाचा थर आपल्यावर मळ घेतो, रंगाला लागूं देत नाहीं. मी विचार केला, मेण जात नाहीं. कांजी जाते! तंजावरच्या वेशीपाशीं एक बादली पाणी ओतायचें. कांजी गेली, मळ गेला. आंत गाडी नवी!"

खरं सांगू, विचार चुकीचा नव्हता. तांदळाच्या पेजेपर्यंत विचार बरोबर होता. पण काळा पत्रा जानेवारीतही तापतो, कांजी त्याच्यावर भाजून निघते, तडकते आणि जिथे सुटते तिथे डाग सोडते. आणि दुसरं म्हणजे ते तांदूळ आहेत. पोंगलच्या दिवशी, दारोदार तांदळाच्या पिठाची कोलम, म्हणजे रांगोळी, काढलेली असताना, गल्लीतल्या सगळ्या मुंग्या तशाही जेवायला बाहेर पडलेल्या होत्या.

सकाळी बॅग घेऊन खाली गेलो तेव्हा गाडी हलत होती. म्हणजे तसं वाटलं. लाल मुंग्यांची रांग करंजाच्या झाडावरून, टायरवरून, बॉनेटवर, काचेच्या खालच्या जाळीतून आत. दारांच्या रबरात मुंग्या, सीटच्या शिवणीत मुंग्या. अप्पांनी एसी लावला तर तोंडावर मुंग्या आल्या. कनकामामी तिसऱ्या मजल्यावरून शाल पांघरून बघत होत्या. अप्पा फडकं घेऊन एकदा इकडे धावले, एकदा तिकडे, आणि म्हणाले, "अत्तां होतें. अर्ध्या तासांत होतें."

अर्ध्या तासात कसलं होतंय. तो दिवस गेला, तो आठवडा गेला. भाजलेली कांजी निघता निघेना, मुंग्यांवर औषध मारलं तर गाडीत बसवेना. मी रजा काढून ओल्या फडक्यांनी ती कांजी भिजवून भिजवून सोडवली आणि सोडवताना अप्पांना जे जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. अप्पा नुसतं बादलीतलं पाणी बदलत राहिले. वर अम्मांनी बॅग उघडली, साडी कपाटात ठेवली आणि मुरुक्कूचा डबा टेबलावर आणून ठेवला. "खाऊन टाका. वास मारतील," म्हणाल्या. मी एकही खाल्ला नाही.

त्यानंतर काही शुक्रवार गेले. एका शुक्रवारी मला सुट्टी होती. दुपारी मावशीचा फोन आला. अम्मा बोलल्या, हसल्या, फोन ठेवला आणि ठेवल्या जागी बसून राहिल्या.

"काय झालं, अम्मा?"

"अक्का आतां तसें म्हणत नाहीं."

"कसं?"

"तोंड दाखव म्हणून. आधीं दर वेळीं म्हणे. पोंगलनंतर एकदां सुद्धां म्हणाली नाहीं. गुडघ्यांचें विचारते, पाऊस पडला का विचारते. तें म्हणत नाहीं."

मग त्या उठल्या, साडी बदलली, औषधांची पिशवी घेतली आणि जिना एक एक पायरी उतरून खाली गेल्या. अप्पा गाडीच्या मागच्या काचेवर काहीतरी फवारत होते. अम्मांनी मागचं दार उघडलं, आत बसल्या आणि दार लावून घेतलं.

"विजी, काच ओली आहे," अप्पा म्हणाले.

"उद्यां पहांटे मी येथें अशीच येऊन बसेन," अम्मा आतून म्हणाल्या. "तुम्हीं चालवलीत तर तंजावरला जाईन. नाहीं चालवलीत तर बसून राहीन. पोदुम."

पोदुम म्हणजे पुरे. हा शब्द अम्मांनी अप्पांना याआधी कधी वापरलेला मी ऐकला नव्हता. अप्पांनीही नसावा.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत निघालो. अप्पा चालवत होते, मी शेजारी, अम्मा मागे. शेषाद्रीने फाटक उघडलं आणि हात हलवला. एवढं त्याचं योगदान. अप्पांनी गाडी छान चालवली. तांबरम, तिंडीवनम, विलुप्पुरम, सगळं सुरळीत. फक्त काचेवर किडा आपटला की ते हळूच "च्च" करायचे. मी मोजत नव्हते, पण एक माणूस किती वेळा "च्च" करू शकतो याला काही मर्यादा असावी. कुंभकोणमच्या पुढे भातकापणी झालेली, शेतकऱ्यांनी रस्त्यावरच पेंढा टाकलेला, त्याच्यावरून जाणाऱ्या गाड्यांनी मळणी चाललेली. भुशाचा लोट उठला आणि आमची काळी गाडी पिवळी झाली. अप्पांचं "च्च"सुद्धा बंद झालं.

तंजावर दिसायला लागलं तसं त्यांनी एका चहाच्या टपरीशी गाडी थांबवली. मला वाटलं कॉफी. अप्पांनी डिकी उघडली. आत सांबार मसाल्याची अख्खी फळी होती, बाटल्या, फडकी, दोन बादल्या, आणि एसीच्या पाण्याचे कॅन.

"अप्पा, नाही."

"दहा मिनिटें."

"अप्पा, मावशीचं घर इथून किती? मावशी वाट बघतेय!"

"म्हणूनच. दहा मिनिटें मा."

दहा मिनिटं. आधी पाणी ओतलं, तर भुसा चिकटला. मग साबण. मग कॅन संपले, तर टपरीवाल्याच्या हंड्यातलं पाणी मागितलं, ते खारट निघालं, ठिपके पडले. मग ते ठिपके घासणं. भर उन्हात, तापलेल्या पत्र्यावर, कुसळांसकट. मी ओरडले, "अप्पा, ओरखडे पडतायत!" आणि माझाच मला संताप आला. मागे एक बाई बहिणीसाठी ताटकळत बसलीय आणि मी ओरखड्यांचं बोलतेय! म्हणून दुसऱ्यांदा ओरडले ते वेगळं. "तुकोजीराव नाहीत तिथे! कुणीही नाही तिथे गाडी बघायला! अम्मांकडे बघा जरा!"

टपरीवरची माणसं मान वळवून बघायला लागली. अप्पांचा हात थांबला. त्यांनी मागच्या सीटकडे पाहिलं. अम्मा दार उघडं टाकून, पाय बाहेर सोडून बसल्या होत्या, रस्त्याकडे बघत. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"एक दार राहिलें आहे," अप्पा हळूच म्हणाले. आणि ते दार त्यांनी पुसलं. मग बाटल्या पुन्हा उंचीच्या क्रमाने लावल्या.

दुपार कलायला लागली होती तेव्हा आम्ही मावशीच्या गल्लीत शिरलो. हे सांगायलाच हवं: गाडी सुंदर दिसत होती. मी ट्यूबलाइटांखाली रोज नव्या कोऱ्या गाड्या बघते, त्यांच्यासारखी. समोरच्या घराचं छप्पर, विजेची तार, आकाश, सगळं तिच्या दारात दिसत होतं. अप्पांनी ती मावशीच्या दारासमोर अगदी सरळ लावली, उतरले, आणि वेष्टी नीट करून गाडीच्या बाजूला उभे राहिले.

हॉर्न ऐकून मावशी बाहेर आली. एक हात भिंतीला लावून, ओट्याची पायरी पायाने चाचपत. अम्मा गुडघे सांभाळत तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, लख्ख उजेडात, हातभर अंतरावर. मावशी हसली. पण ती अम्मांच्या खांद्याच्या पलीकडे कुठेतरी बघून हसत होती.

"विजी? आलीस?"

"अक्का," अम्मा म्हणाल्या, "दिसतें का मी?"

मावशीने दोन्ही हात पुढे केले, अम्मांचे गाल सापडले, नाक, कपाळावरचं कुंकू. "पोंगलपर्यंत होतें थोडें," ती म्हणाली. "कोलम काढलें मी स्वतः. वाकडें आलें पण काढलें. मग गेलें. फोनवर काय सांगायचें? तुम्हीं धांवत आलां असतां, वाटेंत कांहीं व्हायचें."

पोंगलपर्यंत. त्या दिवशी आमच्या फाटकात कांजी वाळत होती. मी अप्पांकडे बघितलं नाही. बघवलं नसतं.

"सेतुराव कोठें आहेत?"

"येथें आहे, अक्का," अप्पा म्हणाले. आवाज कुणा परक्याचा वाटला.

"गाडी आणलीत ना? माझ्या विजीला गाडींतनं आणलेंत." मावशी अम्मांचा हात धरून पुढे आली, दुसरा हात हवेत धरून, आणि तो बॉनेटवर टेकला. तळवा तिने सावकाश फिरवला, एका दिव्यापासून दुसऱ्या दिव्यापर्यंत, मग परत. पत्रा अजून ऊन होता, पण गुळगुळीत होता. तिने बोटं एकमेकांवर चोळून पाहिली.

"इतक्या लांबनं आलांत आणि धूळ सुद्धां नाहीं," ती म्हणाली. मनापासून समाधानाने म्हणाली. "म्हणजे घाईनें नाहीं आलांत. बरें केलेंत."

अम्मांनी अप्पांकडे न बघता बहिणीचा हात गाडीवरून उचलला आणि दोघी पायरी चाचपत आत गेल्या.